कडी काढलेले दार

काका गेल्याचे सांगायला वडील पुण्याला माझ्या वसतिगृहावर आले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "न्हाणीत?" वडील म्हणाले, "नाही. दुपारी, खुर्चीत. झोपेतच फिट आली..." मी मान हलवली आणि पिशवी भरायला घेतली. इतकी वर्षे आम्ही ज्या दाराला कान लावून बसलो होतो, तिथे काही घडलेच नव्हते.

वडील उजनीच्या धरणाच्या कामावर नोकरीला, म्हणून इंग्रजी शाळेसाठी मला सोलापुरात, शुक्रवार पेठेत, वसंतकाका आणि काकूंकडे ठेवले होते. त्यांना मूल नव्हते. काका वळसंगच्या शाळेत गणित शिकवायचे, मोटारसायकलने जायचे-यायचे. एका संध्याकाळी परतताना पुढे कडब्याने भरलेली बैलगाडी होती आणि तिला कंदील नव्हता... डोक्याची जखम भरली, टाके निघाले, शेजारीपाजारी पेढे मागून गेले. मग एकदा जेवताना काकांनी विचारले, "आज चटणीत लसूण घालायचा राहिला की काय?" लसूण होता. काकांना वासच येईनासा झाला होता. पाठोपाठ आवाज सोसेना. भांडे पडले तरी ते दोन्ही हातांत डोके धरून बसत, आणि मग दिवसभर ज्याच्या त्याच्यावर चिडत. शेवटी भर वर्गात, फळ्यासमोर, फिट आली. नोकरी गेली, मोटारसायकल विकली. काकू शेंगांची चटणी कुटून विकू लागल्या.

मग एक दिवस काका न्हाणीत पडले. आतून कडी होती. शेजाऱ्यांनी खांदे लावून दार उघडेपर्यंत काकू बाहेरून "वसंत, वसंत" अशा हाका मारत होत्या. त्यांनी काकांचे नाव घेतलेले मी तेवढे एकदाच ऐकले. दुसऱ्याच दिवशी सुतार येऊन कडी काढून गेला. यापुढे दार उघडे ठेवूनच अंघोळ करायची, असे काकूंनी सांगितले. "मग मी अंघोळच करत नाही," काका म्हणाले, आणि खरोखरच केली नाही. दिवस सोलापूरच्या उन्हाळ्याचे. घरात कोणी कोणाशी बोलेना. शेवटी तोड काकांनीच सुचवली. दार नुसते लोटलेले राहील, आणि आत असेपर्यंत ते तांब्या बादलीवर वाजवत राहतील. आवाज थांबला तर हाक मारायची, उत्तर आले नाही तर आत यायचे.

"देवळात भक्त घंटा वाजवतो," ते मला म्हणाले, "आमच्यात देवालाच वाजवावी लागते, बघा कॉन्व्हेंटच्या बाई."

पितळी तांब्या, लोखंडी बादली. टण्... टण्... मी बाहेरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. काकू स्वयंपाकघरात उखळाशी. दोन ठोक्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला की त्यांचे मुसळ वरच थांबायचे. टण्. मग ते खाली यायचे. माझे पान उलटायचे राहून गेलेले असायचे.

एका सकाळी आवाज थांबला. मुसळही थांबले. मी हाक मारली. माझा आवाज मुळातच लहान, म्हणून पुन्हा मारली. उत्तर नाही. दार ढकलले तर काका पंचा नेसून पाटावर बसलेले, अंग कोरडे, डोळे मिटलेले. मग त्यांनी डोळे उघडले.

"ठीक आहे मी," ते हळूच म्हणाले. "डोकं फुटतंय गं त्या आवाजानं. एक दिवस गप्प अंघोळ करू द्या की मला."

काकूंची पावले स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. मी काकांच्या पुढ्यातला तांब्या उचलला, दार ओढून घेतले आणि पायरीजवळच्या रिकाम्या कळशीवर ठोका दिला. पावले परत फिरली. मुसळ सुरू झाले.

"बाहेरचा चालतो," काका नंतर एवढेच म्हणाले. "आतला कानात घुसतो."

तेव्हापासून मधूनच एखाद्या दिवशी काका तांब्या माझ्या शेजारी ठेवत आणि प्लास्टिकचा मग घेऊन आत जात. मी एका हाताने कळशी वाजवत दाराच्या फटीला कान लावून बसायची. आत पाण्याची धार, मग काहीच नाही, मग खाकरणे. आत खरेच काही झाले असते, तरी माझ्या हातातला आवाज काकूंना सगळे ठीक असल्याचेच सांगत राहिला असता. तरीही तांब्या शेजारी ठेवला गेला की मी तो उचलायची. काका बाहेर येत तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली असायची... मला मोटारसायकलवर पुढे बसवणारे काका तेवढ्यापुरते परत आलेले असायचे.

तेराव्यानंतर काकू आणि मी भांडी पुसत होतो. कळशी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हिचा आवाज जाड गं. बादलीचा पातळ."

मी विचारले, "मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"कळशी वाजली की मी जास्तच कान देऊन असायची. पण त्या दिवशी हे दिवसभर चिडायचे नाहीत."

मागच्या आठवड्यात पुन्हा पेठेत गेले होते. न्हाणीचे दार तसेच आहे, कडीच्या जागी स्क्रूची भोके. काठाला पोचे पडलेला तांब्या बादलीपाशी. मी दार लोटले, अंगावर पाणी घेतले आणि साबण लावत कसल्याशा विचारात बसून राहिले. स्वयंपाकघरात मुसळ चालू होते. मग ते थांबले.

मी तांब्या उचलून बादलीवर वाजवला. मुसळ खाली आले.