मिठाच्या पाण्यातले मासे

बडोद्यात अकोट्याला आमच्या सोसायटीच्या नळापाशी ते रोज सकाळी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं काका म्हणायचो. नोकरीपायी इकडे आलेले, मूळचे रत्नागिरीकडचे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बोटभर मासे कोरायचे आणि पोटाला भोक पाडून त्यात शिशाचे तुकडे ठोकायचे. गावी त्यांचे थोरले भाऊ त्या माशांना गळ लावून कातळावरून समुद्रात फेकत. खरा मासा खोट्याला भुलतो.

पाठवण्याआधी प्रत्येक मासा अर्ध्या बादलीत सोडून बघायचा, आणि त्याआधी पाण्यात पाच-सहा मुठी मीठ. ढवळून झालं की काका बोट बुडवून चव घ्यायचे.

"नळाच्या पाण्यात तोललेला समुद्रात बुडत नाही, वरच राहतो," ते मला सांगायचे.

शेजारचे पटेलकाका चिडवत, "दरियो तो बहु दूर छे!" समुद्र इथून फार लांब, म्हणून. आमचे काकाही हसायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी बादलीत मासा होता, पण शेजारी मिठाचा डबा दिसला नाही.

"काका, मीठ संपलं का?"

"मीठ आहे की घरात," ते मान वर न करता म्हणाले. "दादा गेला. आता ह्याला बादलीतच राहायचंय."

मी बादलीत पाहिलं. बिनमिठाच्या पाण्यात मासा एका अंगावर कलून जरा जास्तच खाली गेला होता. काकांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि सुरीच्या टोकानं पोटातलं शिसं खरवडायला घेतलं.