धबधब्यापाशी उतरलेले काटेवाले

"काटा थांबू दे, मग बोल." आमच्या गल्लीतले काटेवाले हे दिवसातून किती वेळा म्हणत, त्याला सुमार नव्हता. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कुणी धापा टाकत बातमी घेऊन आलं की ते त्याला स्टुलावर बसवायचे, हातातलं पारडं हलायचं थांबेपर्यंत स्वतःही थांबायचे, आणि मग म्हणायचे, "हं. आता बोल." अशा सावकाश माणसाला परक्या देशात जीव तोडून पळताना मी पाहिलं.

त्यांना एकच मुलगी. ती त्या दूरच्या देशात फळं भरायच्या कामावर गेली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. मग एका रविवारी आला नाही, पुढच्याही आला नाही. इकडून लावला तर नुसता वाजत राहायचा. अधूनमधून चार शब्द लिहून यायचे, 'बरी आहे, काळजी करू नका.' पण चेहरा दाखवायची नाही, आवाज ऐकवायची नाही, पत्ता विचारला की गप्प. ज्याने तिला कामाला नेलं त्या ठेकेदाराचा फोन बंद. काटेवाल्यांनी एकट्याने जायचा प्रयत्न केला, तर कागद नामंजूर होऊन परत आले.

मग एका सहल कंपनीच्या दारावर त्यांना एक मोठं चित्र दिसलं. त्यात धबधबा होता. ह्याच धबधब्यापुढे उभं राहून मुलीने एकदा फोनवर आपली कामाची पत्र्याची शेड दाखवली होती. काटेवाले आत गेले आणि सहलीला नाव नोंदवून आले. तिकडे नातेवाईक आहे म्हटलं तर पुन्हा नकार येईल, ह्या भीतीने त्यांनी कंपनीला काही सांगितलं नाही, आणि मी शेजारी, त्याच सहलीला निघालेला, तरी मलाही नाही. बायकोने लोकरीचे मोजे पिशवीत भरता भरता एवढंच म्हटलं होतं, "अहो, तिला बघितल्याशिवाय परत येऊ नका." हे सगळं मला मागाहून कळलं.

राजवाडा झाला, घड्याळाचा मनोरा झाला, तळ्यातली बोट झाली. खिडकीबाहेर कुरणं अशी पसरलेली, की कुणी हिरवी लुगडी नुकतीच धुऊन वाळत घालावीत. सगळे माना वेळावून बघत होते. काटेवाले मात्र पत्र्याचं छप्पर दिसलं की जागेवरून अर्धे उठायचे.

"बसा हो काटेवाले," त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणायचे, "तुमचा स्टॉप यायचाय अजून." हे जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते, आणि निवृत्त झाले तरी बस त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. सहलीच्या ताईंनी नेम घालून दिला होता. प्रत्येकाला एक जोडीदार. बस सुटण्याआधी त्या विचारणार, "जोडी आहे ना?" आणि ज्याने त्याने आपल्या जोडीदाराची हमी द्यायची. काटेवाल्यांची हमी कंडक्टरांकडे. सगळ्यांचा होकार आला की कंडक्टर बसच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे, आणि तो लालबुंद गालांचा परका ड्रायव्हर हसत हसत गाडी सोडायचा. पहिल्याच दिवशी ही गंमत रुजली, आणि पुढे ताईंनी माणसं बघायचंच सोडलं. थापा पडल्या की झालं.

धबधबा शेवटच्या दिवशी आला. "फोटो काढा आणि लगेच फिरा," ताई म्हणाल्या, "आज विमान आहे." काटेवाल्यांनी पळताना अडचण नको म्हणून जाड कोट सीटवर टाकला, वर टोपी टाकली, आणि धबधब्याकडे पाठ करून रस्त्याने धावत सुटले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

तुषारांनी सगळे भिजले. कंडक्टर चष्मा पुसत पुसत बसमध्ये चढले. त्यांना शेजारी कोट दिसला, टोपी दिसली.

"जोडी?" ताईंनी विचारलं.

"आहे. झोपलाय बिचारा." आणि त्यांनी दोन थापा मारल्या.

बस बरीच वळणं उतरून गेली. कंडक्टरांनी खिशातून गोळी काढली, "घ्या हो, तोंडात टाका" म्हणत कोटाला कोपराने ढोसलं, आणि कोट खाली बसला. त्या माणसाने अशी आरोळी ठोकली, की ड्रायव्हरने भाषा न कळताच गाडी थांबवली.

परत आलो तेव्हा काटेवाले धबधब्याच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडबाहेर फळांच्या पेटीवर बसले होते. हातात मुलीचा फोटो. समोर रबरी हातमोजे घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई उकिडवी बसली होती. ती एका हाताने दुसऱ्या मनगटावर सुरी ओढल्यासारखं करायची, आणि दरीपलीकडच्या रस्त्याकडे बोट दाखवायची. काटेवाले पुन्हा फोटो पुढे करायचे. ती पुन्हा तसंच करायची.

ताईंना तिकडची भाषा येत होती. त्यांनी विचारलं, ऐकलं, आणि त्या काटेवाल्यांपाशी खाली बसल्या.

"काका, पेट्या सरकवणाऱ्या पट्ट्यात तिचा हात गेला. उजवा, मनगटापासून. त्या डोंगरामागच्या गावात दवाखान्यात नेलं होतं. अजून तिथेच कुणाकडे तरी राहते, असं ही म्हणते. पण हिलाही नक्की माहीत नाही."

"म्हणून चेहरा दाखवत नाही होय," काटेवाले म्हणाले. "मला वाटलं, रागावली." मग ते उठले. "बस तिकडे न्या, पोरी."

"नाही नेता येत, काका. विमान चुकेल सगळ्यांचं. आणि तुम्ही राहिलात तर तुम्हाला पकडतील, माझी नोकरी जाईल, कंपनीच्या पुढच्या माणसांनाही येऊ देणार नाहीत. तुमच्या पाया पडते, चला. घरी जाऊन रीतसर शोधू."

"रीतसरच शोधत होतो गं इतके दिवस."

बसमधून कुणीतरी ओरडलं, "अहो, एकासाठी सगळ्यांनी अडकायचं का?" त्याच्याच बायकोने त्याला गप्प केलं. कंडक्टर खाली उतरले. "मी येतो बरोबर. जोडी आहे आपली."

"तुम्ही घरी जा, कंडक्टरसाहेब. आमच्या हिला भेटा. हाताचं बोलू नका. सापडली, एवढं सांगा."

"आणि नाही सापडली तर?"

काटेवाल्यांनी फोटो सदऱ्याच्या खिशात ठेवला. सगळ्यांचे पासपोर्ट ताईंकडेच असायचे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून काटेवाल्यांचा काढला. तो द्यायचा नसतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दिला, आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. कंडक्टरांनी कोट आणला, लहान मुलाला घालतात तसा त्यांच्या अंगात घातला, सगळी बटणं लावली.

काटेवाले निघाले. रस्ता दरीत उतरत होता, पलीकडे पुन्हा चढत होता, आणि त्यावर एकही गाडी नव्हती. आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो होतो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. शेडच्या दारात ती बाई हातमोजे काढून उभी होती. आणि भर रस्त्यात कंडक्टर, कपाळावर आडवा हात धरून, तो तपकिरी कोट वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.