वरचा खडा

वाण्याच्या दुकानात गुळाचा वास आला, की लढाईच्या काळातला निपाणीचा एक बाजार आठवतो. आठवड्याचं सामान घेतलं, की वाणी पोरांच्या हातावर गुळाचा खडा फुकट ठेवी. त्या दिवशी मी खडा तोंडात टाकला आणि त्यानं आईकडं त्याचे पैसे मागितले.

“काय वो अण्णा, आता पोरीचं तोंड बी तोलतासा?”

“लढाई हाय आक्का. फुकट कायबी न्हाय.”

आईकडं पैसे उरले नव्हते. उष्टा खडा परत देता येईना. तिनं पिशवीतली काडेपेटी काढून परत केली आणि पुढं आठवडाभर शेजारणीकडून निखारे मागून चूल पेटवली.

तेव्हा मला वाण्याच्या वागण्याचा धक्का बसला होता. आज वेगळ्याच गोष्टीचा बसतो: तो खडा मी घरी पोचेपर्यंत मजेत चघळत होते.