काकूनं मानेवरच्या खुणा घासून काढल्या

अकोल्यात मी रेडिएशन थेरपी शिकून राह्यली. कॅन्सरच्या पेशंटले मशीनखाली झोपवून लाईट, म्हंजे किरणं, द्याचं काम. लाईट नेमक्या जागी पडावा म्हणून आमी अंगावर शाईच्या खुणा करतो. उपचार संपेपर्यंत त्या पुसाच्या नसतात.

आज सकाळी मूर्तिजापूरकडची एक काकू आली. पाहतो तर मानेवर एकही खूण नाही!

"काकू, खुणा कुठं गेल्या?"

"काल पोरीले पाहाले पाव्हणे आले होते व माय. पदरातून दिसत होत्या. बेसन लावून घासल्या."

माह्यं डोकंच सणकलं. आता सगळं मोजमाप पुन्हा, आजचा लाईट हुकला. रागवणार होती, पण कोणत्या तोंडानं? कारण माह्यी सख्खी मावशी मले पाहाले येणाऱ्या पाव्हण्यायले सांगते, "पोरगी एक्स-रे काढते." कॅन्सरचं नावच नाही. त्या मशीनजवळ राह्यलेल्या पोरीले लेकरं होत नाहीत म्हणे! लाईट चालू असताना आमी जाड भिंतीच्या बाहेर असतो, हे कोण ऐकते?

आमाले शिकवणाऱ्या सरांनी नव्यानं खुणा आखल्या. काकूचा हात लगेच पदराकडे गेला. मी तो धरला. "राहू द्या उघड्या. तुमी काही चोरी नाही केली."

रविवारी मलेही पाहाले येऊन राह्यले. चहा देता देता मीच सांगणार, "कॅन्सरच्या पेशंटले लाईट देतो मी." उठून गेले तर पोहे आमी खाऊ.

अन् तुमी सांगा, पाव्हणे आले की तुमच्या घरात कोणाले पदर ओढाले लावता?