व्याह्यांचा पहिला जाळ

माझ्या व्याह्यांइतका हेकट माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात शोधून सापडायचा नाही, आणि हे मी म्हणतोय म्हणजे बघा. मी चौथीत शाळा सोडली आणि जन्मभर गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घातला. काहिलीतल्या रसाला किती आच हवी, हे विचारायला लोक परगावाहून माझ्याकडे यायचे. व्याही पुण्याचे, पूल बांधणारे इंजिनियर. आगीशी त्यांचा संबंध गॅसच्या शेगडीपुरता. तरी रिटायर झाल्यावर त्यांनी सिडनीच्या वर, ब्ल्यू माउंटन्समध्ये, हाडं गोठवणारं घर घेतलं आणि हॉलच्या मधोमध दोन कपाटांएवढं विटांचं प्रकरण रचलं. त्यात धूर सरळ वर जात नाही. वर चढतो, कडेने खाली उतरतो, मग धुराड्यात शिरतो आणि वाटेत सगळी ऊब विटांना देऊन जातो. एकदा दणकून जाळायचं, आग पुरती विझली की धुराड्याचं झाकण लावायचं, की विटा दुसऱ्या दिवसापर्यंत घर शेकत राहतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्याला चुलवाण म्हणालो, तर जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. हीटर म्हणायचं!

या हीटरचे लाड मी माझ्या लेकरांचेही केले नाहीत. लाकूड घ्यायचं तर दोन ओंडके एकमेकांवर आपटून कानाला लावणार. खणखणीत वाजला तर वाळलेला, बद्द वाजला तर ओला. शेजारच्या गोऱ्याने प्रेमाने गाडीभर लाकूड आणून दिलं, तर ह्यांनी एकेक ओंडका वाजवून सगळं परत केलं. ‘सॉरी मेट, यात अजून पाऊस आहे.’ बांधकाम ओलं होतं तेव्हा रोज सकाळी मूठभर काटक्यांचा जाळ, बाळाला पेज भरवावी तसा. आतल्या आणि बाहेरच्या भिंतीत बोटभर फट दिसली म्हणून मी थापी उचलली, तर माझा हातच धरला. ‘व्याही, आतली वीट तापली की फुगते. तिला अंग हलवायला जागा नको?’

हे सगळं कुणासाठी, तर आमच्या दोघांच्या नातीसाठी. तीन महिन्यांची पोर, खाली सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरात राहते. तिला बघायला मी गावाहून आलो होतो आणि व्याह्यांकडे उतरलो होतो. या आजोबांच्या घरात तिने पाऊल, म्हणजे तिला घेऊन तिच्या आईने पाऊल, अजून टाकलं नव्हतं. जावईबापूंनी बापाला स्पष्ट सांगितलं होतं, ‘बाबा, पहिल्या मोठ्या जाळाला आम्ही येतो. घरात धूर आला, तर सॉरी, पूर्ण विंटर बाळ इथे येणार नाही. डॉक्टरने तिच्या छातीला जपायला सांगितलंय.’

तो दिवस आला. बाहेर दव गोठलेलं. गाडी दारात, इंजिन चालू, लेक बाळाला घेऊन आत बसलेली. व्याह्यांनी नियमाप्रमाणे आधी धुराड्याच्या खालच्या छोट्या दारात कागद जाळला. धुराडं गार असलं की वरची थंड हवा बुचासारखी बसते, ती अशी हलवावी लागते. आता लगेच लाकडं पेटवायची. पण व्याही थांबले.

‘मुहूर्ताला पाच मिनिटं आहेत.’

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. ‘हे तर पुण्याचं. मुहूर्त तिथला की इथला?’

‘मुहूर्त सूर्यावर असतो, व्याही.’

‘सूर्य काय पुण्यातून इथे पाठवतात?’

झालं! ते फोनवर हिशेब करायला बसले, मी नारळ घेऊन उभा. जावईबापू ओरडले, ‘गाइज, प्लीज! कोणताही टाइम चालेल!’ एकमत होईपर्यंत धुराडं पुन्हा गार पडलं होतं. व्याह्यांनी काडी लावली. लाकडं भडकली आणि सगळा धूर दारातून हॉलमध्ये आला. अलार्म किंचाळला. खिडकीतून पाहिलं, तर लेक गाडीची काच वर करत होती.

मी पाण्याची बादली उचलली. चुलवाण बिघडलं की मी तेच करायचो. व्याही दोन्ही हात पसरून हीटरसमोर उभे राहिले. डोळ्यांतून पाणी, खोकत खोकत ओरडले. ‘पाणी माझ्यावर ओता! तापल्या विटेवर नको, फुटेल ती!’ बादली माझ्या हातात तशीच. ते गुडघ्यांवर बसले, खालचं दार उघडलं आणि हाताला येईल तो कागद पेटवून आत कोंबू लागले. बोटं भाजत होती, तरी मागे घेईनात. अचानक आतून खोल घुर्र असा आवाज आला आणि हॉलभर पसरलेला धूर हीटरच्या तोंडात ओढला जाऊ लागला.

पण गाडी गेली होती. ‘आज नको, बाबा,’ एवढंच फोनवर सांगून जावईबापूंनी खालच्या मोटेलात खोली घेतली.

संध्याकाळी निखारे उरले. मी म्हणालो, राखेखाली झाका, घरातला विस्तव विझू देऊ नये. व्याह्यांनी मान हलवली. ‘एक जरी लाल डोळा दिसत असताना झाकण लावलं, तर विषारी वायू घरात कोंडतो, माणूस झोपेतच जातो.’ शेवटचा निखारा काळा पडेपर्यंत ते समोर बसून राहिले. मग झाकण लावलं आणि तिथेच सतरंजीवर आडवे झाले.

सकाळी पोरं निरोप घ्यायला आली. लेक दारातच थबकली. घरात धूर नाही, जाळ नाही, राखसुद्धा गार. तिने विटांना हात लावला, मग गाल लावला. ‘आप्पा, हे अजून गरम आहे!’ ती मला म्हणाली. तिने बाळाला हीटरला लागून असलेल्या कट्ट्यावर दुपट्यात ठेवलं. पोरीने मुठी सोडल्या आणि झोपली.

‘बाबा कुठेत?’ जावयाने विचारलं.

व्याही बाहेर, व्हरांड्यात, कुडकुडत उभे होते. अंगावर कालचेच कपडे, पांढऱ्या केसांतही धूर मुरलेला. काचेला नाक लावून आत बघत होते. मी दार उघडलं. ‘आत या की.’

‘नको. अंगाला वास येतोय. तिला उठवू नका.’

एरवी या हीटरवर तास तास बोलणारा माणूस. मी दार हळूच लावून घेतलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. थंडी तर मलाही वाजत होती.