प्रीतम मेश्रामची मागची सीट

प्रीतम मेश्रामला चिखलदऱ्याच्या घाटाचं वेड होतं असं म्हटलं तर ते कमीच पडेल. त्याला त्या घाटाचा गर्व होता, जसा काही तो यानेच कोरून काढला होता. कोरायचं काम तो करायचा खरा, पण भांड्यांवर. इतवारीच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो पाण्याच्या पितळी गुंडांवर आणि स्टीलच्या डब्यांवर मशीनने लोकांची नावं टाकायचा. धनतेरसच्या आठवड्यात त्याला मान वर करायला सवड नसे. दिवाळी सरली की मात्र तीन दिवस मशीन बंद. मोटारसायकलवर बायकोला मागे बसवायचं, जरीपटक्यातल्या घरून पहाटे निघायचं, अमरावती, परतवाडा करत घाटाच्या पायथ्याशी पोचायचं आणि मग वर. लग्न झाल्यापासून तो असा बावीस वेळा गेला होता.

परत आला की महिनाभर इतवारीत दुसरा विषय नाही. गिऱ्हाईक नाव कसं लिहायचं ते सांगत असायचं आणि हा त्याला वळणं सांगत असायचा. "घाट मी असा काढतो," तो म्हणायचा, "मांगं बसलेल्याच्या हातातल्या कपातला चहा सांडत नाई." मागे बसलेली माया ही या गोष्टीची एकमेव साक्षीदार. पण तिला कधी कोणी विचारलं नाही, आणि तीही आपणहून कधी काही बोलली नाही.

यंदा जुलैत प्रीतम पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट खाली आला. डावं मनगट मोडलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. हात दिसायला सरळ झाला, पण मुठीतला जोर गेला. क्लच दाबायचा म्हणजे डाव्या हाताच्या बोटांचं काम, आणि त्याच्या बोटांनी भाकरीचा तुकडाही धड मोडत नव्हता. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं होतं आणि मोटारसायकल दारात धूळ खात उभी होती. तेव्हा प्रीतमनेच ठरवलं, मायाला गाडी शिकवायची. स्कूटी तिला येतच होती, गिअर तेवढे शिकवायचे राहिले होते.

चूक झाली ती इथेच. त्याच्या हिशेबाने तिला शिकायला दोन महिने तरी लागायला हवे होते. त्या दोन महिन्यांत मागे बसून ओरडायचं, डोक्याला हात लावायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं "बायकांचं काम नाई हे" म्हणायचं, अशी सगळी तयारी त्याने मनात करून ठेवली होती. माया आठ दिवसांत शिकली. नवव्या दिवशी तिने त्याला दवाखान्यात सोडलं, तिथून भाजी आणली आणि वेळेवर त्याला घ्यायला येऊन उभी राहिली. त्याने ओरडायला म्हणून तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. ज्या गाडीला त्याला चार किका माराव्या लागत, ती हिच्या एका किकेत सुरू व्हायची. तिने गुपचूप प्लग बदलला की काय म्हणून त्याने एकदा पाहूनही घेतलं. प्लग जुनाच होता. म्हणजे गाडीच फितूर झाली होती. शेजारचे बापूजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकदा तिच्या मागे बसून बाजारात गेले आणि आल्यावर प्रीतमलाच सांगायला लागले, "मायाबाईच्या मांगं बसलं त खड्डे समजतच नाई गा." प्रीतम हसला. मग घरात जाऊन वरणात मीठ कमी आहे म्हणून भांडला. मीठ बरोबर होतं, हे त्यालाही कळत होतं.

परक्याचा हेवा करायचा झाला तर निदान दार लावून घेता येतं. इथे जिचा हेवा वाटतो तिनेच सकाळी सदऱ्याचं बटण लावून द्यायचं, कारण डाव्या हाताने तेही होत नव्हतं. त्यामुळे तो बटण लावून घेताना भिंतीकडे पाहायचा.

दिवाळी आली. भांडी गुडघ्यांत धरून कशीबशी नावं टाकून झाली, आणि मायाने विचारलं की घाटात जायचं ना. घाट हे प्रीतमचं शेवटचं ठाणं होतं. शहरातले सपाट रस्ते तिने घेतले तर घेतले, पण घाटही तिने चढवला तर इतवारीच्या पायरीवर बसून सांगायला त्याच्याकडे काय उरणार? शेवटी त्याने अट घातली. परतवाड्यापर्यंत ती, तिथून वर तो. मुठीत आता पुरेसा जोर आला आहे, असंही त्याने सांगून टाकलं. माया त्याच्या हाताकडे पाहत हो म्हणाली.

परतवाड्याच्या पुढे चहाच्या टपरीजवळ तिने गाडी थांबवली, उतरली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. प्रीतम पुढे बसला. चहा पिणारे चार लोक पाहत होते. त्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि सोडताना बोटं एकदम सुटली. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा गाडी इतकी उसळली की टपरीवरचा एक जण कप खाली ठेवून उठलाच. प्रीतमच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. इंजिन तापलं आहे, तापलेल्या गाडीला नवा हात लावू नये, असं काहीतरी तो म्हणाला आणि उतरला. नवा हात कुणाचा, हे मायाने विचारलं नाही. तिने विचारलं असतं, हसली असती, तर त्याला भांडता आलं असतं. ती मुकाट्याने पुढे बसली, हेच त्याला जास्त झोंबलं.

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना साग, मधूनच बांबूची बेटं, आणि वळणामागून वळण. प्रीतम मागे खांबासारखा ताठ बसला होता. गाडी उजवीकडे कलली की याचं अंग डावीकडे, डावीकडे कलली की उजवीकडे. हे तो मुद्दाम करत होता का? थोडं मुद्दाम, थोडं भीतीने, आणि बाकीचं जळफळाटाने. त्या उलट्या भाराने पहिल्या वळणावर गाडी बाहेर गेली. दुसऱ्यावरही गेली. प्रीतमला बरं वाटलं. असं वाटणं चांगलं नाही हे कळूनही बरं वाटलं. आता इतवारीत काय सांगायचं त्याची वाक्यं त्याला सुचायला लागली होती.

पाचव्या की सहाव्या डाव्या वळणावर गाडी पार रस्त्याच्या उजव्या अंगाला गेली आणि वरून जीप आली. हॉर्न, ब्रेक, धूळ. मायाने कसं कोण जाणे हँडल ओढून घेतलं. जीप त्यांच्या गुडघ्याजवळून खाली उतरून गेली. पुढे थोडी मोकळी जागा पाहून तिने गाडी उभी केली आणि हेल्मेट काढलं.

प्रीतमने घसा साफ केला. वळणाच्या आधी गिअर कमी करावा लागतो, इथून त्याला सुरुवात करायची होती.

"तुमाले मांगं बसता येत नाई जी," माया म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मागे बसायला काय यावं लागतं? पोतंही बसतं, असं तो म्हणालाही.

"पोतं बांधलेलं राह्यते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वळण यायच्या आधी तुमचा खांदा खाली येत होता. उजवं असलं त उजवा, डावं असलं त डावा. तो जसा खाली आला तशी मी वाकत होती. बावीस वर्सं मी तुमचा खांदाच पाहून राहिली. एक वळण चुकलं नाई माह्याकडून."

चहाच्या कपाची गोष्ट प्रीतमला आठवली आणि कानशिलं गरम झाली.

"म्हणजे खालची दरी तू पाह्यली कधी?" त्याने विचारलं.

"आज. जीप आली तवा."

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आतापर्यंत तिच्या हातांचाच हेवा होता, त्याची सवय झाली होती. हा नवा हेवा त्याहून वाईट होता. पुढच्या सीटवर ती त्याच्यापेक्षा सरस निघाली हे एक वेळ गिळता आलं असतं. पण मागच्या सीटवरही ती बावीस वर्षं सरसच होती, आणि अर्धा घाट तिने काढला होता, आणि तो सगळा आपल्या नावावर टाकून मोकळा झाला होता. लोकांची नावं टाकताना त्याचं कधी एक अक्षर चुकलं नव्हतं.

"बसता का?" मायाने विचारलं.

तो बसला. गाडी निघाली. वळण जवळ आलं तसा त्याने डोळे तिच्या खांद्यावर ठेवले. हिरव्या स्वेटरचा तो खांदा जरासा खाली आला, इतका जरासा की बेसावध माणसाला दिसूही नये. प्रीतम वाकला.

"उशीर झाला," माया पुढूनच म्हणाली. "आजून पयले."

पुढच्या वळणावर उन्हं थेट दरीत उतरली होती आणि खालची सगळी झाडी उजळली होती. माया ते पाहून काहीतरी म्हणाली. प्रीतमने तिकडे मान वळवली नाही. त्याला खांद्यावरून नजर काढायची सवड नव्हती.