रेतीवरच्या ‘फोटोशूट’मध्ये गेलेला माझा दादा

माझा दादा बेफिकीर नव्हता.

हे आधी वाचा, मग खाली हात जोडलेले इमोजी टाका.

आज त्याची पुण्यतिथी. आणि आजच बनारसच्या एका ग्रुपवर कुणीतरी नव्वदच्या दशकातला फोटो टाकलाय. गंगेपारच्या रेतीवरची मोटरसायकल रेस. खाली लिहिलंय, "शिरीष भाई, असली डेअरडेव्हिल! रूल्स को ठेंगा!"

ठेंगा?

मला मागे बसवायच्या आधी ओढणी नीट खोचायला लावायचा तो. खोचली की स्वतः बघायचा, मग किक मारायचा. असा डेअरडेव्हिल.

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातलं आमचं घर. बाबा संस्कृत शिकवायचे, दादा रेल्वेत नोकरीला. रेसिंग त्याचा शौक होता, आणि एका मोठ्या मोटरसायकल शोरूमच्या टीमने त्याला रायडर म्हणून घेतलं होतं. टीमचे मालक, सगळे त्यांना भैयाजी म्हणायचे.

आता ‘रूल’ काय होता ते ऐका.

थंडीत पाणी उतरलं की पलीकडे रेतीवर ट्रॅक आखायचे. रेसच्या आधी सगळ्या टीमना मिळून प्रॅक्टिसचा एकच दिवस. त्या दिवशी झेंडेवाले, डॉक्टर, अँब्युलन्स, सगळं हजर. एरवी तिथे टेस्टिंग बंद.

नियम चांगलाच होता. नाहीतर शोरूमवाले महिनाभर गाड्या पळवत बसणार आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनी फक्त बघायचं.

पण नियमात एक फट होती. जाहिरातीचे फोटो काढायला गाडी रेतीवर नेता यायची.

झालं. सगळ्या टीमना अचानक फोटोंचा शौक लागला!

"आज पुन्हा फोटोशूट," दादा जेवताना म्हणाला.

"मग एखादा आण की घरी," आई म्हणाली.

"कॅमेऱ्यात रोलच नसतो, आई."

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "प्रॅक्टिसला झेंडेवाला असतो गं. इथे पुढे काय आहे ते सांगायलासुद्धा कुणी नाही. भैयाजींना म्हटलं, निदान एक डॉक्टर ठेवा."

"मग?"

"म्हणाले, डॉक्टर आया तो सब समझ जाएँगे कि टेस्टिंग चल रही है."

हे वाक्य दोनदा वाचा.

नाही म्हणाला असता तर गाडी दुसऱ्याला मिळाली असती. म्हणून गेला. हो, स्वतःच्या पायाने गेला. ते मी लपवत नाही.

त्या सकाळी कोहरा होता, दाट धुकं. पुढच्या चाकाचे नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर वेगात तपासायचे होते. ट्रॅकच्या कडेला कुणीतरी खरबुजं लावायला नाली खणली होती. प्रॅक्टिसचा दिवस असता तर तिथे लाल झेंडा असता.

दादाला ती दिसलीच नाही.

पुढचं आम्हाला रामधनी मल्लाहने सांगितलं. त्याची नाव जवळच लागलेली होती. आवाज ऐकून तो धावला.

दादा रेतीत पडला होता, शुद्धीवर होता. पाणी मागत होता.

आणि टीमचे लोक टेम्पोत गाडी चढवत होते.

आधी गाडी. टेस्टिंगचा पुरावा ना तो! टेम्पो पीपा पुलाकडे, पिंपांवरच्या तरंगत्या पुलाकडे, निघून गेला. माझ्या भावाला रामधनीने आपल्या नावेत घातलं आणि एकट्याने वल्हवत राजा घाटाला आणलं. तिथून रिक्षाने हॉस्पिटल.

पोचेपर्यंत दादा गेला होता.

दुसऱ्या दिवशी भैयाजी हार घेऊन घरी आले. "माताजी, हमने तो मना किया था. अपने शौक से चला गया."

आई भिंतीला टेकून बसली होती. तशीच बसून म्हणाली,

"मना किया था, तो गाड़ी की चाबी किसने दी?"

भैयाजींनी हार खुर्चीवर ठेवला आणि गेले.

बाबा रेसच्या कमिटीकडे गेले. कुणाला शिक्षा करा असं नव्हतं म्हणायचं त्यांना. फक्त एवढं कबूल करा, की मुलगा टीमच्या कामावर असताना गेला.

उत्तर मिळालं, "पंडितजी, टेस्टिंग तो मना है. तो नियम किसने तोड़ा? आपके लड़के ने."

अख्खा सीझन डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेल्यांना नियम आठवला तो मेलेल्या माणसाविरुद्ध.

रेस झाली. दोन मिनिटं शांतता पाळली. आणि जिंकली कोण? भैयाजींची टीम.

त्या गाडीवर दादाचा टीममधला जोडीदार होता, मनोज. संध्याकाळी तो कप घेऊनच आमच्या दारात आला. रडत होता. "सेटिंग शिरीष भैया की थी. उसी सुबह वाली. मुझसे वही चलवाई."

बाबांनी विचारलं, "कमिटी के सामने बोलोगे?"

तो बोलला. सगळ्यांसमोर, भैयाजी बसलेले असताना. त्याची टीम गेली, पुन्हा कुणी गाडी दिली नाही. आज तो इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकतो आणि दर राखीला मला फोन करतो.

कमिटीने तरी काही कबूल केलं नाही, आणि कप परत गेला तो शोरूमच्या काचेतच राहिला.

पुढच्या वर्षी कमिटीने नवा नियम केला. फोटोशूटला डॉक्टर आणि अँब्युलन्स कम्पल्सरी.

फोटो काढायला अँब्युलन्स!

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. नियमात माझ्या भावाचं नाव नाही, अपघाताचा उल्लेख नाही, माफी तर नाहीच. आई-बाबा माफीची वाट बघत गेले.

तर ज्यांनी आज तो फोटो टाकलाय त्यांनी तो काढावा. किंवा खालचं वाक्य बदलावं. लिहायला जमत नसेल तर मला फोन करा, मी सांगते काय लिहायचं.

लोक म्हणतात, मेधा, इतकी वर्षं झाली, सोड आता.

नाही सोडत.

दादा, भावपूर्ण श्रद्धांजली. भाव रागाचा आहे, तेवढं चालवून घे.